सव्वा मूठ गहू

कुणी मला दयाळू म्हटलं की माझं डोकं फिरतं. जळगावात बेघरांसाठी एक निवारा आहे, त्याची व्यवस्था मी बघते. पगार घेते, सुट्ट्या मागते, गुडघे दुखले की कुरकुर करते. यात दया कुठे आली? पण लग्नाकार्यात कुणाला माझं काम कळलं, की हात हातात घेऊन म्हणतात, "बाई, तुमचं मन किती मोठं." आणि पुढचा प्रश्न ठरलेला, "पण या लोकांना घर नसतं का हो?" कौतुक मी गिळते. हा प्रश्न मात्र घशात अडकतो.

घर असतं. बहुतेकांना असतं. मी सांगते, कारण फोन मीच लावते. निवाऱ्यात माणूस आला, आंघोळ झाली, केस कापले, दोन दिवस पोटात अन्न गेलं, की तो हळूहळू गावाचं नाव सांगतो, मग कुणाचा तरी नंबर निघतो. माणूस घरी पोचवणं हे आमच्या कामातलं मोठं यश समजतात. एका मुलाने बापाचा आवाज मागून ऐकला आणि राँग नंबर म्हणून फोन ठेवला. एक मुलगी फोनवर हुंदके देऊन रडली, वडिलांना भात चालत नाही, भाकरीच द्या म्हणाली, आणि नंतर तिने माझा नंबर ब्लॉक केला. सुरुवातीला मी या लोकांना घरी येऊन शिव्या घालायची, म्हणजे आमच्या ह्यांच्यासमोर, भांडी घासता घासता. आता तेवढी ताकद उरली नाही. पलीकडच्यांचंही काही असतं. दोन खोल्या, परीक्षेला बसलेली पोरं, अंथरुणाला खिळलेली सासू. फोन ठेवते आणि पुढचा लावते.

आबा आमच्याकडे आले ते एका पावसाळ्यात. इथे कुठल्याही म्हाताऱ्याला आबाच म्हणतात, तसं मीही म्हणाले. उंच, वाकलेले, धोतर-सदरा मळलेला पण बटणं सगळी लावलेली. बस स्टँडवर धुळ्याच्या गाड्या जिथे लागतात, तिथल्या बाकाशेजारी ते राहायचे. पाऊस फार झाला, आडवं व्हायला कोरडी जागा राहिली नाही, म्हणून आमच्याकडे आले. दिवसा मात्र पुन्हा स्टँडवरच जाऊन बसायचे. भीक मागायचे नाहीत. धुळ्याची गाडी आली की उठून उभे राहायचे, माणसं उतरेपर्यंत बघायचे आणि खाली बसायचे.

निवाऱ्यात लोखंडी खाटा आहेत. आबांनी पहिल्याच दिवशी दाराजवळ खाली चादर टाकली.

"आबा, खाट रिकामी आहे," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे ताई. खाट सरकस."

मला वाटलं पाय मोडका आहे. दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाल्याला बोलावून मी त्या खाटेचे चारही पाय पक्के करून घेतले आणि मोठ्या रुबाबात आबांना हलवून दाखवली. ते हसले, मान डोलावली आणि पुन्हा खालीच झोपले. मला राग आला. वेल्डिंगवाल्याशी घासाघीस मी केली होती.

त्या सरकण्याचा अर्थ कळायला बरेच महिने गेले. आबा एका वेळी एकच गोष्ट सांगायचे, तीही जेवणानंतर. पारोळ्याच्या पुढे, धुळ्याच्या रस्त्याला त्यांचं गाव. उमेदीची सगळी वर्षं सुरतेला साड्यांच्या कारखान्यात गेली. मूलबाळ नव्हतं. बायको तिकडेच वारली, तेव्हा ते गावी थोरल्या भावाच्या घरी आले. पुढे भाऊही गेला. घरात राहिली भावजय, तिची दोन मुलं, सुना, नातवंडं. आबांची खाट आधी मधल्या घरात होती. थोरल्या पुतण्याचं लग्न झालं तेव्हा ती ओसरीवर आली. ओसरीवर मोटारसायकल लावायची वेळ आली तेव्हा गोठ्याच्या कडेला. मग गोठ्यात कडबाकुट्टीचं यंत्र आलं.

"माले कोनी काढं नही ताई," ते म्हणाले. "जेवन टाइमवर व्हतं. कोनी वाकडं बोलनं नही. नुसती खाट सरकत गई. मंग एक दिन मी ती भितले उभी करी दिधी आनि रस्तावर उनू."

दारू, मारहाण, जमिनीवरून डोकी फुटलेली, सगळं मी ऐकलं आहे. त्या गोष्टी ऐकताना कुणाला तरी मनात चार शिव्या देता येतात आणि बरं वाटतं. आबांच्या गोष्टीत शिव्या द्यायला कुणी सापडेना. त्या दिवशी घरी जाऊन मी स्वयंपाकही केला नाही, खिचडी लावली.

गेल्या श्रावणातली गोष्ट आहे. आमच्याकडे कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरातल्या जुन्या नारळाला नथ घालायची, साडी नेसवायची, चौरंगावर बसवायचं आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत पाण्यावर न्यायचं. खानदेशात हे कुणाला सांगावं लागत नाही. पण कानबाईतला खरा कडक भाग म्हणजे रोट. घरात जितकी माणसं, तितक्यांच्या नावाने प्रत्येकी सव्वा मूठ गहू मोजायचे. मूठभर, आणि वर पाव मूठ. तेच गहू दळायचे, त्याच पिठाच्या पुरणपोळ्या करायच्या, सोबत गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी आणि खीर. हा रोट घरच्यांनीच खायचा. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही आमच्यात चालत नाही, तिची मूठ सासरी मोजली जाते. पौर्णिमेच्या आत पीठ संपवायचं, उरलंच तर पाण्यात सोडायचं, पण उंबऱ्याबाहेर कुणाच्या पानात पडू द्यायचं नाही. सासूबाई गेल्यापासून आमच्या घरची मूठ माझ्याकडे आहे. नवरा, मुलगा आणि मी. मुलगा पुण्याला असतो. येतो म्हणाला आणि आला नाही, पण त्याची मूठ मोजलेली होती.

सोमवारी मेहरूणच्या तलावावरून परत आलो. मी मुलाच्या वाट्याच्या दोन पोळ्या आणि भाजी डब्यात भरायला घेतली. नवरा दारात उभा राहून बघत होता. हा माणूस रिटायर झाल्यापासून सगळं दारात उभं राहून बघतो.

"रोट बाहेर देत नाहीत," तो म्हणाला.

"पाण्यात सोडलेला चालतो आणि माणसाला दिलेला चालत नाही?"

"तो त्याचा वाटा आहे."

"त्याने पुण्यात पिझ्झा मागवला असेल. तुम्ही व्हा बाजूला."

आबांच्या पुढ्यात मी डबा उघडला. वाटलं होतं, म्हातारा खुलेल. त्यांनी पोळीकडे पाहिलं, भाजीकडे पाहिलं आणि मांडीवरचे हात मागे घेतले.

"गंगाफय," ते हळूच म्हणाले. "हाई रोटनी पोयी शे ना, ताई?"

"हो. आमच्या घरची. खा."

त्यांनी डब्याला हात जोडले. "माले चालत नही."

माझा पारा चढला. दिवसभराची दमणूक होती, नवऱ्याशी हुज्जत घालून आले होते, आणि ज्याला घर नाही त्याने मला घरातल्या रोटाचे नियम शिकवावेत? मी तसं बोलले नाही, पण झाकण लावताना डबा आपटला. आबांनी तो आवाज ऐकला. मग ते मला समजावू लागले, लहान मुलीला समजवावं तसं, जरा घाबरत.

"मनी मूठ तठे मोजतस, ताई. मना घर. तुमना रोट खादा ते मी तुमना घरना व्हई जासू. मंग तठे मनी मूठ कोन मोजी?"

"मोजतात? तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यांनी डब्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मोजत व्हतीन."

म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं. या माणसाकडे एक चादर आणि एक ताट होतं आणि तिसरी ही मूठ, जी मोजली जाते की नाही याचा त्याला पत्ता नव्हता. तेवढ्यावर तो स्वतःला घरचा समजत होता. धुळ्याच्या गाडीतून उतरणाऱ्यांकडे ते का बघत बसायचे ते मला तेव्हा कळलं. कुणी गाववाला भेटला, तर एवढंच विचारायचं होतं. भेटले असतील तर विचारायची हिंमत झाली नसेल.

"ताई, तुम्ही इचारशात का?" ते म्हणाले. "मी कोठे शे ते सांगू नका. मूठ मोजतस का, येवढंच."

"आबा, अनोळखी घरात जाऊन मी हे कसं विचारू?"

"तुम्हले येस इचारता. तुम्ही फोनवर बठ्ठासले इचारतस."

फोनवर सगळ्यांना विचारते, हे खरंच होतं. त्याच आठवड्यात मला धुळ्याला एका प्रशिक्षणाला जायचं होतं. तिथे दिवसभर पंख्याखाली बसून बेघरांचं पुनर्वसन कसं करावं ते ऐकलं, समोसा खाल्ला आणि परतीच्या गाडीतून आबांच्या गावच्या फाट्यावर उतरले. खरं सांगते, उतरताना स्वतःवरच चिडले होते. गुडघा ठणकत होता आणि फाट्यापासून गाव चांगलं आत होतं.

मारुतीच्या देवळामागे घर आहे, एवढी खूण आबांनी दिली होती. ओट्यावर एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. डोईवर पदर, हातात बांगड्या नाहीत. हीच भावजय असणार. मी पाणी मागितलं. तिने आत हाक मारून पाणी मागवलं आणि मला बसायला सांगितलं.

"कोठली तू, बाई?"

"जळगावची."

तिचे हात थांबले. आतल्या दाराकडे एकदा बघून तिने आवाज उतरवला.

"जित्ता शे ना?"

गावातल्या कुणीतरी आबांना जळगावच्या स्टँडवर पाहिलं होतं आणि तिच्या कानावर घातलं होतं. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. मी मान हलवली. तिने डोळे पदराने पुसले आणि पुन्हा लसूण घेतला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून मी निवाऱ्याचं सांगितलं, तब्येतीचं सांगितलं, आणि मग माझ्या डब्याचं सांगितलं. आबा काय म्हणाले ते ऐकताना ती पाकळीच्या एकाच सालीशी खेळत राहिली.

"मोजता का हो त्यांची मूठ?" मी शेवटी विचारलं.

"दर साल मोजस." ती थांबली. "यंदा पोरेसनी सांगं, काका आते येवाव नही, कसाले मोजस, बंद कर. सुनासमोर मी काय भांडू? मी मनी मूठ मोजी नही. त्यानी मोजी. गहू तेवढाच भरना. कोनले कयनं बी नही."

मला नीट समजायला क्षणभर लागला. आपली मूठ वगळून तिने दिराची मोजली होती. "मग तुम्ही रोट?"

"मनी मूठच नही, ते मी रोट कसा खाऊ? भाकर खादी. म्हनी दिधं, गोड पचत नही."

आतून टीव्हीचा आवाज येत होता. कुणाचं तरी बाळ रडत होतं. माझ्या कामाचा प्रश्न मला विचारणं भाग होतं, आणि उत्तर माहीत असूनही मी विचारला. "त्यांना घेऊन येऊ का इकडे?"

म्हातारी ओसरीकडे बघत राहिली. तिथे मोटारसायकल होती, खताच्या गोण्या होत्या, पोराची सायकल होती.

"नको आनू," ती म्हणाली. "खाट कोठे टाकू त्यानी?"

तिने मला चहा पाजला. सून चांगली होती, चहात आलं घातलं होतं, पुन्हा या म्हणाली. या घरातही मला शिव्या द्यायला कुणी मिळालं नाही. फाट्यावर गाडीची वाट बघत उभी राहिले तेव्हा इतकी थकले होते की गाडी हात दाखवूनही थांबली नसती, तर तिथेच बसकण मारली असती.

आबांना काय सांगायचं याचा विचार मी वाटभर केला. "मोजतात" एवढं सांगितलं असतं तरी खोटं नव्हतं. पण अर्धवट बोलायचाही मला कंटाळा आला होता. दुसऱ्या दिवशी निवाऱ्याच्या पायरीवर बसून मी सगळं सांगितलं. मुलं बंद कर म्हणाली तेही, भावजयीने आपली मूठ सोडली तेही.

आबा ऐकत होते. मूठ मोजली हे ऐकून त्यांचा चेहरा उजळला होता, मग हळूहळू उतरला.

"तिनी भाकर खादी?"

"हो."

"कानबाईना दिनले?"

"हो, आबा."

ते उठून नळावर गेले आणि फार वेळ तोंड धूत राहिले. परत आले तेव्हा सदरा छातीवर भिजलेला होता.

"तुमना घर रोट सरना का?" त्यांनी विचारलं.

"नाही. पौर्णिमेला अजून वेळ आहे. पीठ आहे."

"मंग माले एक पोयी आना."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आपण काय मागतो आहोत ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि मलाही. मी घरी गेले, पुरण वाटलं, मुलाच्या वाट्याचं पीठ मळलं. नवरा दारात येऊन उभा राहिला.

"त्यांना चालत नाही ना?"

"आता चालतं."

त्याने स्कूटर काढली आणि मला निवाऱ्यावर सोडलं, स्वतः बाहेर थांबला.

आबांनी हातपाय धुतले, चादरीची घडी घालून तिच्यावर बसले. पोळीचा पहिला घास हातात घेऊन बराच वेळ नुसते बसले. मग खाल्ला. मग सगळी पोळी खाल्ली, सावकाश, चुरा पडला तोही बोटाने टिपून. मला रडू आलं आणि रागही आला. या माणसाकडे एकच धागा होता, आणि तो त्याने माझ्यासमोर बसून स्वतःच्या दातांनी तोडला. का, तर जिच्या घरात त्याच्या खाटेला जागा नाही, तिने सणाला भाकरी खाल्ली म्हणून.

"आते तिले सांगा," ताट धुऊन ठेवत ते म्हणाले. "मनी मूठ नको मोजू म्हना. सोतानी मोज म्हना."

मला वाटलं, आता तरी हा माणूस खाटेवर झोपेल. नाही झोपला. दाराजवळच चादर टाकली. पण स्टँडवर जाणं त्यांनी सोडलं. दुपारी निवाऱ्याच्या अंगणात लिंबाखाली बसतात. गाड्यांचे हॉर्न तिथपर्यंत ऐकू येतात, ते मान वर करत नाहीत. आधी उठून उभे तरी राहायचे. मी यशाचं काही सांगत नाहीये, घडलं ते सांगते आहे.

निरोप पोचवायला मी फार उशीर केला. आज जाऊ, उद्या जाऊ. फोन मी लावला नाही, कारण तो सून उचलेल आणि म्हातारीला सगळ्यांसमोर बोलावं लागेल. यंदा श्रावण तोंडावर आला तेव्हा भीती वाटली की ही बाई पुन्हा आपली मूठ सोडून बसेल. मग एका दुपारी गेले.

ती ओट्यावरच होती, जरा खंगलेली. मी शेजारी बसून सांगितलं, की आबांनी आमच्या घरचा रोट खाल्ला. तुम्ही आपली मूठ मोजा, असं त्यांनी सांगितलं आहे.

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, तिच्यामागे पोरं गेली. शेवटचं पोर वळणाआड होईपर्यंत ती बघत होती.

"तुना घर मूठ कोन मोजस?" तिने विचारलं.

"मीच मोजते."

तिने माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. तळवा उलगडला, बोटं मिटून त्याची मूठ केली आणि ती आपल्या हातात धरून पाहिली.

"न्हाना शे तुना हात," ती म्हणाली. "त्यानाकरता जरा भरीसन मोज."